साठीतली लाल गाडी

रविवार, २ सप्टेंबर २०१८

ऑफिसने जानेवारीत दिलेली डायरी सप्टेंबरात उघडते आहे, यावरूनच माझ्या शिस्तीची कल्पना यावी. पण आज लिहिण्यासारखं घडलं. विलासची गाडी गेली. दिल्लीत पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांपुढे रस्त्यावर आणता येत नाही. तिची मुदत गेल्या आठवड्यात संपली आणि आज भंगारवाला ट्रक घेऊन दारात आला.

विलासला जाऊन बारा वर्षं झाली. गाडी त्याने तीन वर्षं चालवली, मी बारा. तरी आर. के. पुरमच्या आमच्या अख्ख्या ब्लॉकमध्ये ती विलासची गाडी, माझ्याही तोंडी तेच. आई काठी टेकत खाली आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, चंद्रप्रभा. वय त्र्याऐंशी. करोलबागेतल्या एका खाजगी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. पेन्शन नाही, पण आवाज अजून वर्गावरचा आहे. त्यांनी बॉनेटवर हात फिरवला, काचेतून वाकून किलोमीटरचा आकडा वाचला.

"लिहून ठेव अलका. एक लाख अठरा हजार चारशे सहा. पृथ्वीला जवळजवळ तीन फेऱ्या झाल्या, त्याही दिल्लीतल्या दिल्लीत."

गाडी ट्रकवर चढवायला लागले तशा त्या वर निघून गेल्या. मी तिथेच उभी राहून रडले. शेजारच्या दोघी धावत आल्या, त्यांना वाटलं घरात कोणी गेलं.

संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत आई म्हणाल्या, "मग, नवी कधी घ्यायची?"

शनिवार, ८ सप्टेंबर

शोरूमला गेलो. माझा बेत ठरलेला होता: लहान, पांढरी, बिनगिअरची, जिला कोणी वळून बघणार नाही अशी गाडी. जानेवारीअखेर मी रिटायर होणार. विधवा बाई, पोटी मूल नाही, भाजी आणि दवाखाना एवढाच प्रवास. रोहताश नावाचा हरियाणवी सेल्समन होता, त्याने अगदी तशीच गाडी दाखवली. मी सही करायच्या बेतात होते.

आई मात्र दुसऱ्याच गाडीसमोर उभ्या. लाल. चार मीटरच्या आत बसवलेली आखूड बुडाची सेडान, मागे छोटासा पंख, काळी चाकं, सीटवर लाल शिलाई. गिअरशेजारी 'एस' लिहिलेलं एक बटण.

"ये बटन किस काम का है?" आईंनी विचारलं.

"माताजी, ये स्पोर्ट मोड है. जवान लोगों के लिए," रोहताश म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

"अच्छा. तो दबा के दिखाओ."

टेस्ट ड्राइव्ह मी घेतली, आई शेजारी. रस्ता मोकळा मिळाल्यावर बटण दाबलं आणि पाय टेकवला. पाठ सीटला चिकटली. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. आई सिग्नलला थांबल्यावर म्हणाल्या, "पुन्हा."

परत आल्यावर त्यांनी रोहताशला हैराण केलं. पुढची सीट किती वर होते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरताना धरायला काय आहे, पावसात मागची काच दिसते का. वॉरंटी वाढवून मिळते म्हटल्यावर मला म्हणाल्या, "पाच वर्षांची घे. दोन वर्षांची कशाला?" पैसे माझे, गाडी माझी, आणि हौस यांची! मला मनातून हसू आलं. पण लाल रंगाला हो म्हणताना मीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत, हे इथे कबूल करून टाकते.

गुरुवार, १३ सप्टेंबर

गणपती बसले. एकवीस मोदकांतले चार फुटले, ते आम्ही दोघींनी आधीच संपवले.

दुपारी पुण्याहून विश्वासभाऊजींचा फोन. विलासचा धाकटा भाऊ, बँकेतून रिटायर झालेला, सरळ माणूस. म्हणाले, "वहिनी, बारा वर्षं तुम्ही आईचं केलंत. आता तुम्ही रिटायर होताय, सरकारी घर सोडणार, नोएडाच्या फ्लॅटमध्ये जाणार. आता आमची पाळी. आईला फेब्रुवारीत मी घेऊन जातो. इथे तिची नातवंडं, पतवंडं आहेत. आपल्या माणसांत राहील."

मला ते आवडलं नाही. खरं ते लिहायला काय हरकत आहे? पण त्यांचं चुकीचं काय होतं? मुलगा आहे त्यांचा. सुनेने आईला अडकवून ठेवायचं आणि मुलाने मागून घ्यायचं, हे काही बरं दिसत नाही. मी फोन धरूनच स्वयंपाकघरात गेले. आई मोदकाची पारी दुमडत होत्या. विचारलं, "भाऊजी म्हणतायत, फेब्रुवारीत पुण्याला न्यायचं. काय सांगू?"

आईंनी वर न बघता सांगितलं, "तुम्ही दोघं ठरवाल ते."

नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. नाही म्हणाल्या नाहीत. म्हणजे मनातून जायचंच असणार, माझ्या तोंडावर कसं बोलणार? मी भाऊजींना हो सांगितलं. नंतरचा मोदक त्यांच्या हातून फुटला, वय झालं.

मंगळवार, २५ सप्टेंबर

सरकारी नोकराने गाडी घेतली की खात्याला कळवावं लागतं. दीनानाथ शर्मा आमच्या प्रशासन शाखेत आहेत, त्यांच्याकडे अर्ज दिला. त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"मैडम, स्पोर्ट्स सेडान? लाल?"

"जी."

"रिटायरमेंट के चार महीने पहले?"

"जी."

"बिल्कुल ठीक है. हमारी मिसेज़ तो रिटायर होके माला लेकर बैठ गईं."

कॉरिडॉरमध्ये मात्र दोघीतिघी हसल्याचं ऐकलं. साठी बुद्धी नाठी म्हणत असतील, हिंदीत जे काही म्हणत असतील ते. घरी येऊन आईंना म्हटलं, बुकिंग रद्द करून पांढरी घेऊ या का? त्या म्हणाल्या, "मी पहिल्यांदा स्कूटरवर बसले तेव्हा लोक हसले होते. ते सगळे आता गेले." एवढं बोलून त्या पेपर वाचायला लागल्या.

गुरुवार, १८ ऑक्टोबर, दसरा

गाडी आली!

शोरूमवाल्यांनी ती कापडाने झाकून ठेवली होती. केक कापायला लावला, मोठी पुठ्ठ्याची किल्ली हातात देऊन फोटो काढला. मला लाज वाटत होती, आई मात्र फोटोत ताठ उभ्या. मग त्यांनी पिशवीतून आपला सरंजाम काढला: झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, चाकाखाली ठेवायला चार लिंबं. दिल्लीत आपट्याची पानं कुठून आणणार? इथली मराठी माणसं सोनं म्हणून कचनाराची पानं वाटतात, दोन्ही झाडं एकाच घराण्यातली असं आईंचं म्हणणं. रोहताशच्या हातात त्यांनी एक पान दिलं आणि म्हणाल्या, "सोना है. संभाल के रखना." त्याने खरोखर ते पाकिटात ठेवलं.

घरी येताना प्रत्येक चौकात दुर्गापूजेची नाहीतर रावणाची गर्दी. पहिल्या गिअरमध्ये दीड तास. टर्बो इंजिनाची सगळी मिजास उतरली. तरी मी खूश होते. स्टिअरिंग हातात हलकं आणि घट्ट, सीटला नव्याचा वास, शेजारी आई. मला इतका साधा आनंद किती वर्षांत झाला नव्हता. उतरताना आई म्हणाल्या, "सीट अजून एक बोटभर वर हवी." ती केली.

रविवार, २८ ऑक्टोबर

आता रविवारचा नेम ठरला. सकाळी सहाला निघायचं. शांतिपथ त्या वेळी रिकामा असतो, दोन्ही बाजूंना वकिलाती आणि मध्ये गवत. तिथे बटण दाबायचं. पोलीस दिसला की आईच "हळू" म्हणतात, त्यांची नजर माझ्याहून लांबची. मग इंडिया गेटला एक वळसा आणि कोपर्निकस मार्गावर जुन्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये पोहे नाहीतर साबुदाण्याची खिचडी. तिथला एक कर्मचारी आज आईंना म्हणाला, "आजी, गाडी लई भारी." साताऱ्याकडचा असावा. आई म्हणाल्या, "चालवणारी बघ." मला उगाचच पदर सावरावासा वाटला, आणि मी तर पंजाबी ड्रेसमध्ये होते.

आई फोनमधल्या बाईला रस्ता सांगू देत नाहीत. "तिला काय कळतं? मी बासष्ट वर्षं या गावात आहे." चौकाच्या अर्धा किलोमीटर आधीच त्यांची सूचना येते: डावी लेन, उजवी लेन, पुलावर नको. सुरुवातीला वैताग यायचा. आता त्यांचा आवाज आल्याशिवाय मी लेनच बदलत नाही.

घर आलं तरी त्या म्हणाल्या, "अजून एक चक्कर." मारली.

शनिवार, १७ नोव्हेंबर

नोएडाच्या फ्लॅटचं काम सुरू झालं आहे. आता दर शनिवारी डीएनडीच्या पुलावरून जायचं. पुलावर चढलं की रस्ता असा सरळ, की गाडी आपणहून धावायला बघते. खाली यमुना, वर धुरकट सूर्य. दिवाळीनंतर हवा अशी झाली आहे की दहा वाजतासुद्धा दिवे लावावे लागतात.

मिस्त्रीला आईंनी शंभर सूचना दिल्या. बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडी हवी म्हणाल्या. मी म्हटलं, "मला एवढ्यात कशाला?" तर म्हणाल्या, "लाव. उपयोगी पडते." खाली गाडी लावायच्या जागेपासून लिफ्टपर्यंत त्यांनी पावलं मोजली. बेचाळीस. माझी किती काळजी करतात! स्वतः पुण्याला जायच्या, तरी माझ्या घराची एवढी तजवीज. मला भरून आलं, पण मिस्त्रीसमोर काय बोलणार?

मागच्या छोट्या खोलीचं काय करायचं, तो विचारत होता. मी म्हटलं, सामान ठेवू. आई खिडकीपाशी गेल्या, बराच वेळ बाहेर बघत होत्या. पूर्वेची खिडकी आहे, उजेड चांगला येतो असं म्हणाल्या.

रविवार, ९ डिसेंबर

आज पानिपतला जाऊन आलो. हा आईंचा हट्ट. गाडीला अजून खरा हायवे दाखवला नाही, म्हणे. मी आठवडाभर टाळत होते. मराठी माणसाने नवी गाडी घेऊन पहिली लांबची सहल पानिपतला काढावी? दत्ताला नाही, गंगेला नाही, थेट पानिपत! आईंना तसं म्हटलं, तर भूगोलाच्या बाई उसळल्या.

"अडीचशे वर्षं होऊन गेली. दर वर्षी मुलींची सहल नेत होते मी तिथे. सगळ्या धडधाकट परत आल्या. आता तिथे रजया मिळतात."

मुरथलला पराठे खाल्ले. पुढे रस्ता मोकळा झाला आणि मी एकशेवीस गाठलं. गाडी जमिनीला धरून राहते, थरथर नाही, आवाज फक्त थोडा खर्जात जातो. मी मोठ्याने हसायला लागले. आईंनी खिडकीची काच खाली केली, केस सगळे तोंडावर. थंडी वाजेल म्हटलं तर ऐकेनात. मला वाटलं, विलास असता तर मागे बसून दोघींना ओरडला असता. ते वाटलं आणि तरी हसू थांबलं नाही, हे बारा वर्षांत पहिल्यांदा.

युद्धाच्या जागी जाऊन आईंनी हात जोडले. बाजारात मात्र तासभर काढला. त्यांनी स्वतःच्या पैशांनी एक जाडजूड रजई घेतली, दिल्लीच्या थंडीलाही पुरून उरेल अशी. पुण्यात एवढी रजई कुठे लागणार? बोलले तसं, तर "असू दे" म्हणाल्या. म्हातारपणी थंडीची भीती वाटते माणसाला.

परत येताना त्या झोपल्या. मी बटण बंद करून साठच्या वेगाने हळूहळू आणलं. फेब्रुवारीनंतर शेजारची सीट रिकामी असणार. आज हे पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे.

रविवार, ६ जानेवारी २०१९

नवी डायरी. ऑफिसची ही शेवटची फुकटची.

पेन्शनरांसाठी दवाखान्याचं कार्ड नव्याने काढावं लागतं, त्याचा फॉर्म भरला. बारा वर्षांपूर्वीचा फॉर्म आठवला. नोकरी करणाऱ्या बाईला आपले आईवडील किंवा सासूसासरे यांपैकी एकांचीच नावं घालता येत होती. माझी आई तेव्हा होती. ती म्हणाली, "मला तुझा भाऊ आहे. त्यांचं घाल. त्यांचा आधार गेलाय." मी आईंचं नाव घातलं.

आता आश्रितांच्या रकान्यात कोणाला घालणार? नाव त्याचंच चालतं जो कार्डवाल्यासोबत राहतो. आई तर पुण्यात असणार. तेव्हा 'निरंक' लिहिलं. सरकारी हिंदीत काही नाही याला निरंक म्हणतात, पस्तीस वर्षं हाच शब्द लिहिण्यात गेली.

नेहमीप्रमाणे फॉर्म आईंना तपासायला दिला. माझा कुठलाही कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. तारीख, पत्ता, स्पेलिंग, काही ना काही निघतंच. आज त्यांनी बराच वेळ वाचला आणि नुसता परत दिला. एकही चूक नाही! मी म्हटलं, "बघा, शेवटी शेवटी पास झाले." त्या म्हणाल्या, "हो. बरोबर आहे."

रविवार, १३ जानेवारी

आई आज फिरायला आल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. बुधवारीही नाही म्हणाल्या होत्या. मी एकटीच शांतिपथावर गेले. रस्ता रिकामा, गाडी तीच, बटणही दाबलं. मजा आली नाही. सदनापर्यंत गेलेच नाही.

घरी आले तर त्यांनी आपला मोठा नकाशासंग्रह वरच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकला होता. दोन साड्या कामवालीला. पुण्याची तयारी जोरात चालली आहे. उत्साह आहे म्हणायचा. मला थोडा रागच आला. एवढी काय घाई? अजून तीन आठवडे आहेत.

शनिवार, १९ जानेवारी

नोएडाला मिस्त्रीचं शेवटचं काम होतं. खूप आग्रह केला तेव्हा आई आल्या. मी पुढचं दार उघडलं, तर त्या मागचं उघडून बसल्या.

"मागे का?"

"पाहुण्यांनी मागे बसावं."

मी म्हटलं, "गुडघ्याला तिथे जास्त जागा मिळेल, बरोबर आहे." वाटेत त्यांनी एकदाही लेन सांगितली नाही. आश्रम चौकात मी चुकीच्या रांगेत अडकले, मागून हॉर्नचा भडिमार, तरी गप्प. पुण्याला जायच्या आधीच त्या मनाने गेल्याशा वाटतात. मी काय चुकले ते कळत नाही. विचारायला तोंड उघडलं आणि हवेबद्दल बोलले.

गुरुवार, ३१ जानेवारी

रिटायर झाले. हार, समोसे, भाषण. दीनानाथजींनी सांगितलं की मैडमने शाखेला फाइल वेळेवर कशी काढायची ते शिकवलं आणि जाता जाता गाडी कशी काढायची तेही दाखवलं. सगळे टाळ्या वाजवत खाली आले, मला गाडीत बसवून दिलं. मी ऐटीत बाहेर पडले, आणि पहिल्या सिग्नलला लक्षात आलं की उद्यापासून कुठेच जायचं नाही.

घरी आईंनी श्रीखंड केलं होतं. औक्षण केलं. डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तसाच होता. उद्या भाऊजी येतात. रविवारी दुपारची गाडी, दोन तिकिटं.

रविवार, ३ फेब्रुवारी

आजचं आजच लिहिते.

दीडला निघालो. भाऊजी पुढे बसले, कारण आई आपणहून मागे बसल्या, शेजारी त्यांची बॅग आणि लोणच्याची बरणी. निजामुद्दीनला सराय काले खांच्या बाजूने जायचं होतं. महाराणी बागेनंतर तिकडे जायला डावीकडे राहावं लागतं. मी सरळ डीएनडीवर चढले. दोन महिने दर शनिवारी त्याच पुलावर गेले होते, हात सवयीने तिकडे वळले. निदान पहिल्या क्षणी तरी तसंच होतं. पुलावर चढल्यावर मला कळलं, आणि मी ब्रेक लावला नाही.

"वहिनी, स्टेशन मागे राहिलं!" भाऊजी म्हणाले.

मी आरशात पाहिलं. आई खाली यमुनेकडे बघत होत्या. म्हणाल्या, "कळलंय तिला. चालवू दे."

त्या पुलावर मध्ये वळता येत नाही. पलीकडे उतरल्यावर गाडी कडेला घेतली. मागे वळले आणि एकदम बोलून टाकलं, "आई, मला तुम्हाला पाठवायचं नाही."

"मग निरंक का लिहिलंस?"

"तुम्ही जाणार म्हणून! नियम आहे, सोबत राहणाऱ्याचंच नाव..."

"नियम मला नको सांगूस. माझ्या नावाच्या जागी काही नाही असं लिहिलंस आणि तपासायला माझ्याच हातात दिलंस."

त्यांचा आवाज फुटला. एवढ्या वर्षांत, विलासच्या वेळीसुद्धा, मी तो असा ऐकला नव्हता. मला लाज वाटली, अजून वाटते आहे. फॉर्म भरताना एका क्षणासाठीही माझ्या मनात आलं नव्हतं की तो रकाना वाचणारं माणूस कोण आहे.

"पण गणपतीत तुम्हीच म्हणालात, ठरवाल ते!"

"मग काय म्हणायला हवं होतं? साठीच्या बाईला सांगू, की मला अजून सांभाळ? मुलगा गेल्यावर सुनेने बारा वर्षं केलं. वाटलं, आता तुला सुटका हवी असेल. नवी गाडी, नवं घर."

"सुटका?" एवढाच शब्द आला आणि मग मी रडायलाच लागले. स्टिअरिंगवर डोकं टेकलं, हॉर्न वाजला, पुढचा रिक्षावाला मागे वळून ओरडला.

भाऊजी समोरच्या काचेकडे बघत बसले होते. तिकडेच बघत म्हणाले, "मी खोली रंगवून घेतली आहे, आई. फिकट हिरवी. दोघींपैकी एकीने तरी मला फोन करायचा."

ते खरंच होतं. आम्ही दोघी एकमेकींची मनं जपत बसलो आणि त्या भल्या माणसाचं कोणीच जपलं नाही. आईंनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हिरवा तुझ्या बाबांना आवडायचा," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात येते. महिनाभर राहते. इथला उन्हाळा तसाही सोसत नाही." भाऊजींनी मान हलवली. मग आईंनी दार उघडलं, काठी टेकत बाहेर आल्या आणि पुढच्या काचेवर टकटक केलं.

"विश्वास, मागे बस. हिला रस्ता सांगायचा आहे, नाहीतर तुझी गाडी जाईल."

परतीच्या सोळा मिनिटांत त्यांनी मला चार लेन बदलायला लावल्या आणि एकदा स्वतः हात पुढे करून बटण दाबलं. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना भाऊजी डब्यात चढले, लोणच्याची बरणी घेऊन. आईंच्या बर्थवर त्यांनी बरणी ठेवली असं मागाहून फोनवर सांगितलं. बोलताना हसत होते, पण पूर्ण नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी

नवा फॉर्म घेऊन कार्डाच्या ऑफिसात गेलो. रकान्यात आईंचं पूर्ण नाव लिहिलं आहे. खिडकीवरचा बाबू सज्जन होता, आईंना बसायला खुर्ची दिली. मग नियमाप्रमाणे त्यांनाच विचारलं, "माताजी, आप इन पर आश्रित हैं?"

आईंनी काठी दोन्ही हातांत धरली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नहीं बेटा, उलटा है. आश्रित ये है, मुझ पर. आप अपने फ़ॉर्म में जैसा ठीक लगे, लिख लीजिए."

बाबूने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "जी, सही कह रही हैं."